वऱ्हाडातला अर्धा ‘र’ : परदेशातील मराठी संगणकाची कथा

१/
‘वऱ्हाड’ हा शब्द कागदावर लिहिताना अकोल्याच्या शाळेतील मुलालाही थांबावे लागत नाही. व, मग पापणीसारखी ती लहानशी वक्र रेघ, ह, त्याचा काना आणि ड. हाच शब्द संगणकाच्या पडद्यावर बिनचूक उमटण्यासाठी मात्र दीड-दोन दशके जावी लागली. त्या काळातील बहुतेक निर्णय कानपूर, पुणे आणि कॅलिफोर्निया येथे झाले, आणि त्यांची सर्वाधिक झळ घरापासून दूर गेलेल्या मराठी माणसाला बसली. हा धागा त्या अर्ध्या ‘र’चा माग काढतो.

२/
आधी अक्षराविषयी. मराठीत ‘र’ पुढच्या व्यंजनाला दोन प्रकारे जोडला जातो. एक रफार, जो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. दुसरा हा पापणीसारखा अर्धा र, जो अक्षराच्या आधी, ओळीतच उभा राहतो. हा फरक केवळ शोभेचा नाही. आचार्यांना वंदन करतात, आचाऱ्यांना स्वयंपाक सांगतात. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरात असतात. अमरावती जिल्ह्याचा नकाशा उघडला तर दोन्ही ‘र’ एकाच जिल्ह्यात सापडतात : सपाटीवर दर्यापूर आणि मेळघाटात चिखलदरा. चिखलदऱ्याला जायचे म्हटले की रफार चालत नाही.

हिंदीला या अर्ध्या ‘र’ची गरज पडत नाही. नेपाळीला पडते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण संगणकावरील देवनागरीचा विचार पुष्कळदा हिंदी समोर ठेवून झाला.

३/
वऱ्हाडाचे नाव दुसऱ्याच्या दप्तरात गेले की हा ‘र’ गळून पडतो, हे तसे जुनेच आहे. फार्सी लेखनात या प्रांताचे ‘बरार’ झाले. अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’ने त्याचे मूळ ‘वरदातट’, म्हणजे वर्धा नदीचा काठ, असे सांगितले आहे. इंग्रजांनी फार्सी रूप उचलले आणि ‘बेरार’ केले. अमरावतीचे ‘उमरावती’ झाले, आणि येथील कापूस समुद्रापार लिव्हरपूलच्या बाजारात पोहोचला तेव्हा त्या मालाचे नावच ‘ऊमरा’ पडले. गावाचे नाव कापसाच्या जातीला मिळाले, पण कोणत्या गावाचे, हे उच्चारावरून ओळखू येणार नाही अशा रूपात. दप्तर, लिपी आणि बाजार दुसऱ्याचे असले की नावाचे असेच होते.

४/
विसाव्या शतकाच्या शेवटी कापसाऐवजी माणसे जाऊ लागली. १९८३ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने खासगी, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी शेगाव आणि बडनेरा येथे अशी महाविद्यालये निघाली. अमरावती विद्यापीठाची स्थापनाही १९८३ चीच. वऱ्हाडातील मुलाला अभियंता होण्यासाठी घराजवळच्या वाटा वाढल्या. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत संगणकाच्या नोकऱ्यांनी या पिढीतील अनेकांना अमेरिकेत नेले. १९९० च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने आणि दशकाच्या अखेरीस ‘वाय-टू-के’च्या धांदलीने त्या वाटेला आणखी वेग दिला.

यातील विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. दिवसभर जगाचे संगणक दुरुस्त करणाऱ्या या माणसाला रात्री घरी पत्र लिहिताना त्याच संगणकावर स्वतःच्या प्रांताचे नाव लिहिता येत नव्हते.

५/
भारतात तोवर काम सुरू झाले होते. आयआयटी कानपूरमध्ये सत्तरच्या दशकापासून देवनागरी संगणकावर आणण्याचे प्रयोग चालू होते. तेथूनच ‘जिस्ट’ हे तंत्र आणि त्यामागील मोहन तांबे पुढे आले. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर हे काम तिकडे आले. संगणकात बसवायचे ‘जिस्ट कार्ड’ निघाले. त्यामुळे डॉसवर चालणाऱ्या साध्या संगणकावर भारतीय लिप्या दिसू लागल्या.

याच प्रवाहातून ‘आयस्की’ ही संकेतप्रणाली घडली. भारतीय मानक ब्यूरोने तिला १९९१ साली मान्यता दिली. तिची कल्पना सुंदर होती : सर्व भारतीय लिप्यांना एकच सामाईक तक्ता. ‘क’ देवनागरीतला असो की तमिळमधला, त्याचा क्रमांक एकच.

६/
या सामाईक तक्त्यातच वऱ्हाडाचा ‘र’ सापडतो, पण दुसऱ्याच्या घरात. तमिळ, मल्याळम अशा दक्षिणी भाषांत एक कठोर ‘र’ आहे. देवनागरीत तो नुक्ता देऊन ‘ऱ’ असा दाखवतात. तक्त्यात त्याला जागा होती. मराठीला हा पूर्ण ‘ऱ’ कधी लागत नाही, पण त्याचे अर्धे रूप रिकामेच होते. म्हणून ठरले की या दक्षिणी ‘ऱ’ला हलन्त लावला की मराठीचा पापणीसारखा अर्धा र उमटावा. ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकावर आजही शिफ्टसह ‘र’ची कळ दाबली की हाच नुक्त्याचा ‘ऱ’ येतो, आणि त्यापुढे हलन्त व ‘ह’ दिला की वऱ्हाड होते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही जोडणी ओढूनताणून केलेली आहे. व्यवहाराच्या दृष्टीने ती चतुर होती. वऱ्हाडाला जागा मिळाली, ती द्राविडी शेजाऱ्याच्या ओसरीवर.

७/
हे सारे भारतातील कार्यालये व छापखाने यांच्यासाठी होते. न्यू जर्सीत बसलेल्या माणसाच्या संगणकाला याची गंधवार्ता नव्हती. तेथील ईमेलची पायाभूत संकेतप्रणाली ‘आस्की’ होती : एकूण १२८ जागा, त्यांत इंग्रजी लिपी, अंक आणि विरामचिन्हे. त्यामुळे मराठी लिहायची तर रोमन लिपीत, हाच राजमार्ग उरला. परदेशस्थ मराठी मंडळी ज्या ‘युजनेट’ नावाच्या सार्वजनिक चर्चाजाळ्यावर गप्पा मारत, तेथील मराठीही रोमनमध्येच होती.

रोमन मराठीने संवाद अडला नाही, हे मान्य केले पाहिजे. पण तिची किंमत होती. काला, काळा, कला आणि कळा हे चारही शब्द एकाच स्पेलिंगमध्ये कोंबले जातात. ‘ळ’ आणि ‘ल’ एक होतात. वऱ्हाडी बोलीत तर ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया होतो. म्हणजे वऱ्हाडी माणसाने प्रमाण मराठी लिहिली की बोली, हे सांगणारी खूणच मुळी या अक्षरात असते, आणि रोमन लिपीत ‘ळ’ला स्वतःची जागाच नाही.

८/
यावर पहिला उपाय ज्यांना अडत होते त्यांनीच काढला. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ साली ‘टेक’ या मुद्रणप्रणालीसाठी देवनागरीची सोय केली. अमेरिकेत अविनाश चोपडे यांनी ‘आयट्रान्स’ तयार केले. तत्त्व दोहोंचे सारखे : रोमन अक्षरांत ठरावीक नियमांनी लिहावे, आणि कार्यक्रमाने त्यातून सुबक देवनागरी छापून द्यावी. दीर्घ आकारासाठी दोन ‘ए’ किंवा मोठा ‘ए’, ‘ट’साठी मोठा ‘टी’, ‘ळ’साठी मोठा ‘एल’. हिंदी चित्रपटगीतांचे आणि संस्कृत स्तोत्रांचे संग्रह या पद्धतीने तयार झाले आणि जगभर फिरले.

आज मोबाइलवर रोमनमधून मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांत या नियमांचा काही ना काही वारसा आहे. त्या काळी मात्र ही लेखनाची सोय नव्हती, छपाईची होती. पडद्यावर लिहिताना रोमनच दिसे. देवनागरी शेवटी, कागदावर किंवा चित्ररूपाने.

९/
दुसरा उपाय फाँटचा. इंग्रजी फाँटमधील अक्षरांची चित्रे काढून त्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. संगणकाला वाटते की तो इंग्रजीच दाखवतो आहे. वाचणाऱ्याला मराठी दिसते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, उत्तरेत कृतिदेव, अशा कितीतरी मांडण्या निघाल्या. पापणीसारख्या ‘र’चा तुकडाही त्यांत एखाद्या इंग्रजी चिन्हाच्या जागी बसवता येत असे.

अडचण एकच, पण मूलभूत. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येकाचे वेगळे. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला, किंवा फाँटच नसला, की समोर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन सडा. परदेशात बसून मराठी वृत्तपत्र वाचणाऱ्याला अनेकदा प्रत्येक वृत्तपत्राचा वेगळा फाँट उतरवून घ्यावा लागे.

१०/
अमरावती जिल्ह्याला हा प्रकार नवा वाटू नये. याच जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे पीठ. पंथाने आपले मराठी ग्रंथ ‘सकळ’ आदी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले : अक्षरांच्या जागी ठरवून दिलेल्या वेगळ्या खुणा. ते ग्रंथ पंथाबरोबर पंजाबात गेले, पेशावर-काबूलच्या बाजूपर्यंत पोहोचले. किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच मराठी. इतरांना केवळ रेघोट्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती ती किल्ली आली, तेव्हा कुठे हे वाङ्मय सर्वांपुढे खुले झाले.

महानुभावांनी हे जाणूनबुजून केले होते. फाँटवाल्यांनी तेच नकळत केले. नव्वदच्या दशकातील परदेशस्थ मंडळांची वार्तापत्रे, संमेलनांच्या स्मरणिका, घरगुती पत्रे, यांतील जे जुन्या चकत्यांवर अशा फाँटमध्ये पडून आहे, ते वाचण्यासाठी आता नेमका तोच फाँट किंवा त्याचा परिवर्तक शोधावा लागतो. स्थलांतराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या दृष्टीने ही काही किरकोळ हानी नव्हे. सातशे वर्षांपूर्वीच्या पोथीची किल्ली सापडली. पंचवीस वर्षांपूर्वीच्या फाइलची सापडेलच असे नाही.

११/
१९९६ च्या गणेशचतुर्थीला अमेरिकेतून अजय गल्लेवाले यांनी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केले. जगभर विखुरलेल्या मराठी माणसांना गप्पांसाठी, कथांसाठी, पाककृतींसाठी एक ओटा मिळाला. येथे लिहिणाऱ्याला मराठी उमटवायची होती आणि वाट पाहायची नव्हती, म्हणून रोमन, फाँट आणि पुढे युनिकोड अशा सर्व अवस्था या पिढीने वापरून, अडखळून, एकमेकांना शिकवून पार केल्या. ‘मला चौकोन दिसताहेत’ ही त्या काळची सार्वत्रिक तक्रार होती.

१२/
आता युनिकोड. कॅलिफोर्नियात १९९१ साली ही संघटना नोंदली गेली आणि त्याच वर्षी मानकाची पहिली आवृत्ती निघाली. जगातील प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक, हे तिचे ध्येय. देवनागरीला १२८ जागांचा एक गट मिळाला, आणि तो भरताना १९८८ सालच्या आयस्कीचा क्रम जवळजवळ तसाच उचलला गेला. दक्षिणी ‘ऱ’ही त्याबरोबर आला. पण त्याचे अर्धे रूप म्हणजे मराठीचा र, ही समजूत त्याच्यासोबत नीट पोहोचली नाही.

१९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळीच युक्ती होती : साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. हे चिन्ह पडद्यावर दिसत नाही. ते फक्त ‘रफार करू नकोस, अर्धा र ठेव’ असे सांगते. पुढे आयस्कीशी मेळ घालण्यासाठी ‘ऱ’ अधिक हलन्त हाही मार्ग मान्य झाला. पण तोवर पहिल्या मार्गाने काही लिहिले गेले असेल, म्हणून तोही कायम ठेवण्यात आला.

१३/
परिणाम येथेच पाहता येईल. वऱ्हाड. वर्‍हाड. हे दोन शब्द डोळ्यांना एकच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात नुक्त्याचा ‘ऱ’ आहे, दुसऱ्यात साधा र आणि अदृश्य चिन्ह. मराठी संकेतस्थळांच्या सुरुवातीच्या वर्षांत दुसरा मार्ग अधिक रुळला होता. आजचे मोबाइल कळफलक बहुधा पहिला वापरतात. म्हणून एका पिढीने लिहिलेले दुसऱ्या पिढीला शोधताना सापडेलच याची शाश्वती नाही.

काही शोधयंत्रणा यावर तोडगा म्हणून अदृश्य चिन्ह सरसकट वगळतात. मग वर्‍हाडचे ‘वर्हाड’ होते, रफार ह च्या डोक्यावर चढतो, आणि दर्‍या व दर्या यांतला भेद पुसला जातो. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना ते चिन्ह गळाले तरी हेच घडते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या लक्ष्मण देशपांडे यांच्या गाजलेल्या एकपात्री प्रयोगात ते लग्नाचे वऱ्हाड आहे, प्रांताचे नव्हे. पण लंडनला पोहोचेपर्यंत शब्द शाबूत राहील का, हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू पडतो.

१४/
सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने खरा बदल झाला तो २००० साली. त्या वर्षी आलेल्या ‘विंडोज २०००’मध्ये मराठी, हिंदी, कोकणी, संस्कृत आणि तमिळ यांची सोय मुळातच होती. देवनागरीसाठी ‘मंगल’ हा फाँट दिला होता. तो रचणारे प्रा. र. कृ. जोशी हे सुलेखनकार आणि मराठी कवी. जगभरातील लक्षावधी पडद्यांवर पहिल्यांदा जी देवनागरी दिसली, ती एका मराठी कवीच्या हातची होती, ही माहिती मराठी घरांतही फारशी नसते.

१५/
सोय होती, पण ती झाकलेली. पुढच्या ‘एक्सपी’तही नियंत्रण कक्षात जाऊन ‘जटिल लिप्यां’च्या चौकटीत खूण करायची, आणि मग यंत्र मूळ चकती मागे. ‘जटिल’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे : मराठी लिहिणाऱ्याला आपली लिपी कधी जटिल वाटली नव्हती. स्वतःच्या घरचा संगणक असेल तर हे जमे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा कचेरीत, जेथे यंत्रावर आपला अधिकार नाही, तेथे मराठी चौकोनांतच अडकून राही. अशांसाठी पानावरच मराठी उमटवणारी साधने निघाली. ओंकार जोशी यांचे ‘गमभन’ त्यांपैकी एक. मुळात कन्नडसाठी तयार झालेले शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांचे ‘बरहा’ही मराठी घरांत पोहोचले. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला.

१६/
एवढे होऊनही पडद्यावरची मराठी थोडी परकी दिसत राहिली. तिचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होते. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांकच नव्हता. हिंदी पद्धतीचा ‘ऍ’ होता, म्हणून मराठी माणूस ‘अ’वर चंद्र चढवण्याच्या नाना खटपटी करी. हे अक्षर २००८ साली, मानकाच्या ५.१ आवृत्तीत आले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे निश्चित केली.

क्रम ध्यानात घ्यावा : संगणकाचे मानक १९९१ चे, शासनाचा निर्णय २००९ चा. अठरा वर्षे मराठीचे अक्षर कसे असावे हे बरेचसे इतरांनी ठरवले, आणि त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. टेबलावर मराठीची बाजू मांडणारी अधिकृत यादी आधीच असती, तर अर्ध्या ‘र’चे दोन रस्ते कदाचित झालेच नसते.

१७/
मराठीतील आज्ञावल्या, म्हणजे ‘जतन करा’, ‘मुद्रित करा’ असे लिहिलेले संगणक, हेही पुढे आले. परंतु परदेशातील मराठी माणसाची ती निकड फारशी नव्हती. त्याला यंत्राने मराठी बोलावे असे वाटत नव्हते. यंत्राने त्याला मराठी बोलू द्यावे, इतकेच हवे होते. या दोन मागण्यांतील फरक भाषाविकासाच्या सरकारी योजनांत अनेकदा हरवलेला दिसतो.

१८/
राहता राहिली बोली. अकोल्याहून आईचा संदेश आता परदेशातील मोबाइलवर देवनागरीत पोहोचतो. त्यात ‘मला’ नसते, ‘मले’ असते. ‘का’च्या जागी ‘काऊन’ असते. उत्तर लिहू लागले की कळफलक ‘मले’ला ‘मला’ सुचवतो, ‘डोया’च्या खाली लाल रेघ ओढतो. जगातील भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसूचीत, ‘आयएसओ ६३९-३’मध्ये, वऱ्हाडी-नागपुरीला ‘व्ही-ए-एच’ असा तीन अक्षरी स्वतंत्र संकेत दिलेला आहे. म्हणजे नोंद आहे, क्रमांक आहे, वऱ्हाडाचा अर्धा ‘र’ही आता बहुतेक फाँटांत नीट उमटतो. मोबाइलच्या भाषांच्या यादीत मात्र मराठीनंतर बोट खाली सरकवत नेले तरी वऱ्हाडी सापडेलच असे नाही. म्हणून लिहिणारा सूचना नाकारत जातो, आणि कळफलक त्याच्या खासगी शब्दसंग्रहात एकेक शब्द जमा करतो : मले, तुले, काऊन, डोया.